जुन्या पलासियातील भाड्याची खुर्ची : एका सामायिक कार्यालयाचे परीक्षण

महिन्याच्या भाड्याने टेबल-खुर्ची देणारी सामायिक कार्यालये इंदूरमध्ये करोनाच्या आधीही होती, पण त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः नव्याने धंदा उभारणारी तरुण मंडळी. आता विजयनगरपासून भंवरकुआँपर्यंत अशा जागांच्या पाट्या सहज दिसतात आणि तेथे बसणाऱ्यांत पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या कंपन्यांचे पगारदारही पुष्कळ असतात. या लोकांचे कार्यालय २०२० च्या मार्चमध्ये बंद झाले आणि त्यांच्यापुरते ते पुन्हा पूर्वीसारखे उघडलेच नाही. मी त्यांपैकीच एक आहे. पुण्यातील एका कंपनीसाठी विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम मी इंदूरहून करते, आणि गेले काही महिने जुन्या पलासियातील एका बंगल्यात चालणाऱ्या अशाच कार्यालयात जागा घेऊन बसते. त्या जागेचे नाव येथे मुद्दाम घेतलेले नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शिवाय ज्या कसोट्यांवर मी ती पारखली त्या अशा कोणत्याही जागेला लावता येतील.

अशा जागांविषयी लिहिताना बहुतेक लोक इंटरनेटचा वेग, कॉफी आणि खुर्चीची गादी यांपाशी थांबतात. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. कामासाठी लागणारी खोली, वीज, हवा आणि शांतता यांचे भाडे आता कोण भरते? साथीच्या आधी ते कंपनी भरत असे. साथीत काम घरी आले, खोली मात्र कोणी पाठवली नाही. टीसीएसने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांनीच कार्यालयात असण्याची गरज उरेल. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने सर्वांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. मधल्या काळात इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या रस्त्यावरील अशा कंपन्यांची मोठमोठी आवारे जवळजवळ ओस पडली होती. अशी आवारे ज्यांत मोडतात त्या विशेष आर्थिक क्षेत्रांतील किती कर्मचारी घरून काम करू शकतील यासाठी केंद्राच्या वाणिज्य विभागाने जुलै २०२२ मध्ये नवा नियम केला आणि मर्यादा निम्म्यावर ठेवली. म्हणजे कार्यालयातील रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब सरकारदरबारी नीट मांडला गेला. घराच्या बैठकीच्या खोलीत नव्याने आलेल्या खुर्चीचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

आमचे घर राजेंद्रनगरात आहे. सासऱ्यांनी बँकेचे कर्ज काढून बांधलेले, समोर ओटला, मागे तुळस, आत बैठक, मधली खोली आणि स्वयंपाकघर. चार माणसे संध्याकाळी एकत्र जेवतील आणि रात्री झोपतील एवढाच विचार अशा घरांच्या आराखड्यात आहे, कारण दिवसभर कर्ता माणूस कचेरीत असणार हे त्या काळी गृहीतच होते. बैठक आणि मधली खोली यांच्यामध्ये दार नाही, पडदा आहे. त्या पडद्याच्या एका बाजूला सासूबाईंची मालिका आणि दुसऱ्या बाजूला माझी दाव्यांवरची बैठक, असा प्रकार दीर्घकाळ चालणे शक्य नव्हते. नव्या इमारतींच्या जाहिरातींत हल्ली 'घरून कामासाठी खास कोपरा' दाखवतात. प्रत्यक्षात बहुतेकदा तो पूर्वी ज्या जागेत चपलांचे कपाट ठेवत असत तेवढाच असतो, आणि त्यापायी घराची किंमत मात्र अख्ख्या अर्ध्या खोलीने वाढलेली असते.

या पार्श्वभूमीवर जुन्या पलासियातील हा बंगला पाहिला तेव्हा त्याची पुढची बाजू पहिल्याच भेटीत आवडली. बंगला पन्नासच्या दशकातला असावा. समोर खोल पडवी आहे, तिच्यामागे दोन मोठ्या खोल्या आहेत, छत इतके उंच की पंख्याची दांडी पुरुषभर लांब, आणि छताच्या खाली भिंतीला रोशनदाने, म्हणजे हवा-उजेडाचे झरोके, आहेत जे दोरी ओढून उघडता येतात. मालकीण काकू वरच्या मजल्यावर राहतात. मुले परदेशात, एवढ्या मोठ्या घराचे करायचे काय, हा प्रश्न त्यांना साथीच्या काळातच पडला आणि त्यांनी खालचा मजला एका तरुण व्यवस्थापकाच्या हाती सोपवला. पुढच्या दोन खोल्यांत मिळून चौदा टेबले आहेत. टेबले जुन्या सागवानाची असून त्यांची उंची थोडी जास्त आहे. बुटक्या माणसाने पायाखाली पाट घ्यावा. मी तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी वरून देवघरातला जादाचा पाट पाठवून दिला.

मागची बाजू मात्र निराळी आहे आणि या परीक्षणाचा मोठा भाग मी तिच्यावरच खर्च करणार आहे, कारण नवे गिऱ्हाईक आले की व्यवस्थापक त्याला पहिल्यांदा तिकडेच घेऊन जातो. पूर्वी जेथे अंगण आणि न्हाणीघर होते तेथे नवा हॉल बांधला आहे. काचेचे दार, खोटे छत, पांढरे दिवे, तीन स्प्लिट एसी आणि तीस जागा. छायाचित्रांत हाच हॉल दिसतो, आणि त्याचे भाडेही पुढच्या खोल्यांपेक्षा हजार रुपयांनी अधिक आहे. त्याला एकच खिडकी आहे, ती कायमची बंद केलेली आहे, आणि तिच्याबाहेर चारेक फुटांची बोळ सोडून शेजारच्या तीनमजली इमारतीची भिंत उभी आहे.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्यांत समुद्रावरचे वारे शिरावे म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते या ट्रस्टने आखले, आणि इमारतींसाठी प्रकाशाचा एक साधा भूमितीय नियम रूढ केला. खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत ओढलेली रेषा साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक चढी असू नये. याचा व्यवहारातला अर्थ असा की समोरची भिंत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सोडावी. शेजारची भिंत पस्तीस फूट धरली तर या हॉलच्या खिडकीबाहेर सतरा-अठरा फूट मोकळे हवेत. तेथे चार आहेत. प्लेगचा खरा वाहक उंदरावरची पिसू होती, हवा नव्हे, आणि त्या ट्रस्टने लोकांची घरे पाडली तेवढी नवी बांधून दिली नाहीत, हा आक्षेपही रास्तच आहे. तरीही क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या दृष्टीने तो नियम शहाणपणाचा होता. सव्वाशे वर्षांनंतर, एका साथीचा अनुभव ताजा असताना बांधलेला हॉल त्या नियमात नापास व्हावा, याचे आश्चर्य वाटते.

आश्चर्य वाटण्याचे आणखी एक कारण खास आपल्या गावाचे आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये दिला, तेव्हा प्लेग आणि मलेरिया हे शहराचे नित्याचे दुखणे होते. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद सरळ रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. मोजकी पडीक घरे काढावीत, विहिरी आणि चौक मोकळे करावेत, झाडे लावावीत आणि लोकांना त्यांच्याच मोहल्ल्यात राहू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या चरित्रांत दिवाळीच्या मिरवणुकीची हकीकत येते. जे रहिवासी आपली गल्ली सर्वांत स्वच्छ ठेवतील त्यांच्या गल्लीतून मिरवणूक नेण्याचे त्यांनी जाहीर केले आणि मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा फिरवून शेवटी ती जाळली. २०१७ ते २०२३ या काळात स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिल्या आलेल्या शहराला ही हकीकत साहजिकच प्रिय आहे. मात्र गेडिस यांच्या सांगण्यातला कचऱ्याचा अर्धा भाग आपण उत्तम उचलला आणि मोकळ्या चौकाचा अर्धा भाग सोडून दिला, असे या हॉलमध्ये बसले की वाटते.

हवेविषयी केवळ भावना सांगून भागणार नाही म्हणून मी कार्बन डायऑक्साइड मोजणारे तळहातावर मावेल असे यंत्र सोबत नेले. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असते. बंद खोलीत ते हजाराच्या आत असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. हा वायू म्हणजे विषाणू नव्हे. मात्र आपण सोडलेल्या श्वासात त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट असल्यामुळे, खोलीतली किती हवा आधीच कोणाच्या तरी फुप्फुसातून फिरून आली आहे याचा तो चांगला निदर्शक ठरतो. पुढच्या खोलीत, सगळी टेबले भरलेली आणि रोशनदाने उघडी असताना आकडा साडेसहाशेच्या आसपास राहिला. मागच्या हॉलमध्ये सकाळी दार उघडले तेव्हा तो तेवढाच होता, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाराशेवर गेला आणि दुपारी चारच्या सुमारास अठराशे ओलांडून गेला. हिशेब केला तर हॉलमधल्या माणसाचा दर पंचवीस-तीस श्वासांमागे एक श्वास शेजाऱ्यांनी वापरून टाकलेल्या हवेचा असतो. चारनंतर तेथे जांभया का वाढतात आणि चहाच्या फेऱ्या का वाढतात, याचे उत्तरही बहुधा याच आकड्यात असावे.

व्यवस्थापकाला हे दाखवले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, तीन-तीन एसी आहेत, हवा खेळती आहेच की." हा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही. करोना हवेतून पसरत नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये ठासून सांगितले होते आणि ३० एप्रिल २०२१ रोजी आपल्या संकेतस्थळावरील प्रश्नोत्तरांत, कोंदट जागेत तो हवेतून पसरू शकतो हे मान्य केले. पाठोपाठ मे २०२१ मध्ये आपल्याकडे केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सोप्या चित्रांसह सूचना काढली, ज्यात खिडक्या-दारे उघडी ठेवणे आणि एक्झॉस्ट पंखा लावणे यांवर भर होता. पण तोपर्यंत लोकांच्या मनात साथीची जी प्रतिमा पक्की झाली ती हात धुण्याची, फवारणीची आणि दोन हात अंतराची होती. या कार्यालयातही ती तशीच टिकून आहे. प्रवेशद्वाराशी पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड आहे, ज्यातली बाटली मी कधी भरलेली पाहिली नाही. दोन टेबलांमध्ये प्लॅस्टिकचे पारदर्शक पत्रे आहेत, जे हवा अडवतात आणि रोग अडवत नाहीत. आणि माहितीपत्रकावर अजून 'कोविड-सुरक्षित' असा शिक्का छापलेला आहे.

खिडकी उघडणे सोपे नाही, हे मलाही मान्य आहे. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातील गार रात्रींची, कौतुके सांगणाऱ्या आपल्या शहरात मे महिन्याची दुपार आता बेचाळीस अंशांवर सहज जाते, आणि खोदकामाची धूळ तर बारमाही आहे. पण पुढच्या खोल्यांत जे उंच छत आणि रोशनदाने करतात ते हॉलमध्ये छताजवळ दोन एक्झॉस्ट पंखे आणि समोरच्या भिंतीत हवा येण्याची जाळी बसवून बऱ्याच अंशी साधेल. वीजबिल वाढेल, ते थोडे वाढू द्यावे. हॉलच्या जागेसाठी हजार रुपये जास्त घेणाऱ्याने निदान हवा तरी द्यावी.

आता बाकीच्या सोयी. इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहे आणि एक बंद पडले तर दुसरे आपोआप सुरू होते. माझ्या अनुभवात काम कधी अडले नाही. वीज गेली की इन्व्हर्टरवर संगणक आणि पंखे चालतात, एसी चालत नाहीत. स्वच्छतागृहे दोन आहेत, स्वच्छ आहेत, स्त्रियांसाठीचे वेगळे आहे आणि त्याला आतून नीट लागणारी कडी आहे. ही बाब क्षुल्लक वाटणाऱ्यांनी इतर काही जागा पाहून याव्यात. फोनवर बोलण्यासाठी दोन खोकी आहेत. त्यांना काचेचे दार आहे पण हवा जायला-यायला वाट नाही, त्यामुळे दहा मिनिटांहून लांब बोलणे मी पडवीतच उरकते. डबा गरम करायला मायक्रोवेव्ह आहे. सकाळी पोहे घेऊन येणारा सायकलवाला फाटकाशी थांबतो आणि त्याच्या हातची जिरावणाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) चिमूट ही या जागेची सर्वांत कमी जाहिरात झालेली सोय आहे.

भाड्याविषयी सविस्तर लिहायला हवे. पुढच्या खोलीतील जागेचे महिन्याचे साडेपाच हजार, हॉलमधील जागेचे साडेसहा हजार, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पुढच्या खोलीतली खुर्ची प्रत्यक्षात सहा हजार चारशे नव्वदला पडते. जीएसटी क्रमांक असलेल्या व्यावसायिकाला हा कर आपल्या देण्यातून वजा करून घेता येतो. पगारदाराला तो निव्वळ खर्च आहे. घराच्या भाड्यावर, जुनी करप्रणाली निवडली असेल तर, घरभाडे भत्त्याची सवलत मिळते. कामाच्या खुर्चीच्या भाड्यावर पगारदाराला कोणतीच सवलत नाही. माझ्या कंपनीने साथीच्या पहिल्या वर्षी इंटरनेटचा भत्ता दिला होता, तो पुढे मुकाट्याने बंद झाला. केंद्रीय श्रम मंत्रालयाने साथीच्या पहिल्या वर्षाअखेरीस सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचे, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांचे, जे मसुदे काढले त्यांत घरून काम करण्याचा उल्लेख होता. पण खोलीचे भाडे कोणी द्यावे याविषयी त्यांत काही नव्हते. तेव्हा नोकरदारांनी ही जागा घेण्याआधी कंपनीकडे निम्मा तरी खर्च लेखी मागावा, असे मी सुचवीन. मी मागितला. तिसरा हिस्सा मंजूर झाला, तोही केवळ माझे काम गोपनीय कागदपत्रांचे असल्यामुळे आणि त्यासाठी बंद कपाट लागत असल्यामुळे.

कपाटावरून आठवले. प्रत्येक जागेला किल्लीचे छोटे कपाट मिळते, पण सगळ्या किल्ल्यांची एक जुळी व्यवस्थापकाकडे असते. गोपनीय काम करणाऱ्यांनी स्वतःचे कुलूप लावावे. त्याला हरकत घेतली जात नाही.

करारपत्र हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग होता. अकरा महिन्यांचा नमुना, जसा आपल्याकडे सर्रास वापरतात, आणि त्यात एक कलम असे की साथ, संचारबंदी किंवा शासकीय आदेशामुळे जागा बंद ठेवावी लागली तरी मासिक शुल्क देय राहील. साथीचा अनुभव गाठीशी असलेल्या मालकाने हे कलम घातले यात नवल नाही. पण तोच अनुभव असलेल्या गिऱ्हाइकाने ते वाचल्याशिवाय सही करावी, हे बरे नव्हे. टाळेबंदीत भाडे द्यावे लागते की नाही, हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. दिल्लीच्या खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये भाडेमाफी नाकारली आणि फक्त भरण्याची मुदत वाढवून दिली. करारात काय लिहिले आहे यावर अशा वेळी बरेच काही ठरते आणि टाळेबंदी झाली एवढ्यावरून भाडे आपोआप माफ होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणून मी काकूंशी बोलायला वर गेले. त्यांनी चष्मा लावून ते कलम दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "अगं, हे आमच्या पोराने कुठून तरी उतरवून घेतलंय. जागाच बंद असेल तर पैसे कशाचे घ्यायचे?" आता माझ्या करारात असे आहे की आदेशामुळे जागा पंधरा दिवसांहून अधिक बंद राहिली तर पुढचे शुल्क लागणार नाही आणि अनामत रक्कम महिन्याभरात परत मिळेल. हा बदल मागितल्यावर मिळतो, आपणहून दिला जात नाही. छापील नमुना अजून जुनाच आहे.

भाड्याच्या प्रश्नात आम्ही खुर्चीवाले तुलनेने सुखी आहोत, याची जाणीव या बंगल्यात रोज होते. झाडलोट आणि चहा पाहणारे भैया बडवानीकडचे आहेत आणि मूसाखेडीत एका खोलीत इतर तिघांबरोबर राहतात. भाडेकरू मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये, असा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी काढला होता. भैया सांगतात की त्यांच्या खोलीमालकाने तो महिना मागितला नाही, पुढच्या दोन महिन्यांत तो विभागून वसूल केला. मुंबई–आग्रा महामार्गावरून कुटुंबेच्या कुटुंबे चालत उत्तरेकडे जाताना साऱ्या इंदूरने पाहिली, त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्राने शहरी स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे पंचवीस वर्षांच्या कराराने भाड्याने चालवायला द्यावीत, हा तिचा एक भाग होता. कल्पना उत्तम होती. भैयांच्या खोलीपर्यंत ती पोहोचलेली नाही. परीक्षणात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण साथीच्या दृष्टीने कार्यालय पारखायचे तर मी हीच कसोटी सॅनिटायझरच्या वर ठेवीन. सफाई करणाऱ्या माणसाला ताप आला तर त्याला पगारी सुट्टी मिळते का, की तो तसाच कामावर येतो? या ठिकाणी महिन्याला एक पगारी सुट्टी आहे. पावसाळ्यात भैया तापाने फणफणत असताना चहा करत होते, हे मी पाहिले आहे. ते पाहून आम्ही काहीजणांनी व्यवस्थापकाकडे आजारपणाची वेगळी सुट्टी मागितली आणि आता वर्षाला सहा दिवस मंजूर झाले आहेत. तोंडी मंजूर झाले आहेत, एवढे नोंदवून ठेवते.

गल्लीवर झालेला परिणाम संमिश्र आहे. आजूबाजूला अजून चार-सहा जुनी कुटुंबे राहतात. त्यांच्या फाटकांसमोर सकाळी दहापासून दुचाक्या लागतात आणि त्यावरून रोज एखादी तरी कुरबुर होते; कार्यालयाच्या आवारात दुचाकींना जागा आहे, पण तेथे व्यवस्थापकाची मोटार उभी असते. ती बाहेर काढली तर दहा दुचाक्या आत येतील. दुसरीकडे, समोरच्या आजोबांनी सांगितलेली गोष्टही खरी आहे की साथीनंतर ही गल्ली दिवसा ओस पडली होती, घरे विकून लोक बायपासकडील नव्या वसाहतींत गेले होते, आणि आता निदान दिवसा माणसांचा वावर असतो. बंगला पाडून तेथे चार मजले उभे करण्यापेक्षा तो असा वापरात राहणे मला केव्हाही अधिक पसंत आहे. असे बंगले पलासियात झपाट्याने कमी होत आहेत.

ही जागा कोणी घ्यावी? घरात बंद होणारे दार नसलेल्या, कंपनीकडून थोडा तरी खर्च मिळणाऱ्या आणि पलासियापासून अर्ध्या तासाच्या आत राहणाऱ्या माणसाने पुढच्या खोलीतली जागा निःशंक घ्यावी, फक्त करारातले साथीचे कलम आधी बदलून घ्यावे. दिवसभर फोनवर बोलावे लागणाऱ्यांनी घेऊ नये. मागच्या हॉलमधली जागा सध्या कोणीच घेऊ नये, आणि दमा असलेल्यांनी किंवा घरी वृद्ध माणसे असलेल्यांनी तर मुळीच नाही. पुढच्या खोल्यांत जागा नसेल तर व्यवस्थापक 'तोवर हॉलमध्ये बसा' असे म्हणतो. त्यापेक्षा प्रतीक्षा यादीत नाव घालून थांबलेले बरे, कारण महिन्या-दोन महिन्यांत कोणी ना कोणी पुण्याला परत बोलावला जातोच. पाचांपैकी गुण द्यायचे तर पुढच्या खोल्यांना चार आणि हॉलला दीड. एक्झॉस्ट पंख्यांचे दरपत्रक काकूंनी मागवले आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत काम उरकू, असे त्या म्हणतात. पंखे बसल्यावर हॉलमध्ये पुन्हा यंत्र ठेवून आकडा घेईन आणि तो हजाराच्या आत आला तर हॉलचे गुण वाढवीन.